वाचकांचे प्रश्न : कोकण, सह्याद्री आणि पश्चिम किनारा

देशाच्या पश्चिम पट्ट्याचा भूगोल, इतिहास आणि साधनसंपत्ती यांवर आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. बहुतेक पत्रे पाण्याबद्दलची होती, त्यामुळे त्या उत्तराला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : प्रतापगडावरून कोकणात पाहिले की सरळ तुटलेला कडा दिसतो, वाईकडून मात्र चढ टप्प्याटप्प्याने येतो. सह्याद्री ही पर्वतरांग की पठाराची कड? आणि समुद्र इतका जवळ असताना कृष्णा-गोदावरी पूर्वेला का जातात? (वाई)

पठाराची कड. हिमालय दोन भूखंडांच्या टकरीतून वर उचलला गेला, सह्याद्रीचे तसे नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा थरांमागून थर पसरत गेला. झीज होऊनही आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर शिल्लक आहे. याच काळात पश्चिमेकडचा भूभाग तुटून दूर गेला, आजची सेशेल्स बेटे त्याचाच तुकडा. मागे राहिलेली तुटकी कड पावसाने झिजत पूर्वेकडे सरकली आणि तिच्या पायथ्याशी कोकणची चिंचोळी पट्टी तयार झाली. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक रचलेले उघड्या डोळ्यांनी मोजता येतात.

हे पठार पूर्वेकडे कललेले आहे. म्हणून त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर असूनही १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरला तर पाणी अक्षरशः दोन दिशांना वाटले जाते: कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेकडच्या, सावित्री पश्चिमेकडची, बाणकोटच्या खाडीला मिळणारी. नर्मदा आणि तापी पश्चिमेला वाहतात, कारण त्या पठाराच्या उतारावरून न जाता खचलेल्या दऱ्यांमधून जातात.

पाऊसही हीच कड वाटते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेथून ३० किलोमीटरच्या आसपास असलेल्या तुमच्या वाईत तो सातशे-आठशेवर येतो आणि माण-खटावात त्याहूनही कमी होतो.

प्रश्न : आमच्याकडे ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी मार्च उजाडला की विहीर तळ गाठते. बोअर मारली, तीही कोरडी. सरकारी योजनेतून सड्यावर चर खणले, फरक पडला नाही. आम्ही नेमके काय करावे? (लांजा)

आधी पायाखालचे थर पाहू. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, वरचा कातळ म्हणजे जांभ्याचे (तांबड्या सच्छिद्र दगडाचे) टणक कवच. त्याखाली सच्छिद्र जांभा. त्याखाली मऊ, चिकण, पांढरट-गुलाबी मातीचा थर. आणि सर्वांत खाली काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा खडक. पावसाचे पाणी जांभ्याच्या नळ्यांसारख्या छिद्रांतून आणि भेगांतून झपाट्याने उतरते, चिकण मातीवर येऊन अडते आणि तिच्यावरून आडवे सरकत डोंगराच्या कुशीतून झऱ्यांवाटे बाहेर पडते. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत बरेचसे पाणी असे निघून गेलेले असते.

म्हणजे तुमची अडचण पाणी मुरण्याची नाही, मुरलेले पाणी टिकण्याची आहे. देशावर जेथे जमीन पाणी पीत नाही तेथे समतल चर उपयोगी पडतात. जांभ्यात पाणी तसेही मुरते. चरांतून शिरलेले पाणी खालच्या झऱ्याने थोडे अधिक जोरात वाहते, एवढेच. शिवाय तीव्र उतारावर चिकण मातीच्या थरावर जास्त पाणी साचवणे धोक्याचे आहे, वरचा भार त्या निसरड्या थरावरून घसरू शकतो. महाड परिसरात २००५ आणि २०२१ मध्ये दरडींनी जे घडवले, ते पाहता उताराची पाहणी न करता चर खणणे आम्हाला अजिबात मान्य नाही.

करायचे ते असे. नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल अशा तीन वेळा गावातले सगळे झरे फिरून पाहा आणि नकाशावर मांडा. धार पन्हळीने बादलीत घ्या आणि वेळ मोजा. १५ लिटरची बादली एका मिनिटात भरली, तर झरा दिवसाला २१,६०० लिटर देतो. एप्रिलमध्ये जो झरा याच्या दहाव्या हिश्शानेही वाहतो, तो गावाचा खरा आधार. त्याच्या तोंडाशी बंदिस्त टाकी बांधा, रात्रीचे पाणी साठवा आणि वरच्या बाजूला गुरे, शौचालये आणि चिरेखाण येऊ देऊ नका. खाणीने जांभा काढून नेला म्हणजे झऱ्याची साठवणच काढून नेली.

नवी विहीर सड्याच्या माथ्यावर नको, उताराच्या पायथ्याशी, चिकण मातीचा थर जेथे उघडा पडायला लागतो त्याच्या जवळ घ्या. खोदताना पांढरट माती लागली की थांबून विचार करा. त्या थराने वरचे पाणी तोलून धरलेले असते. सुरुंग लावून तो फोडला, तर पाणी खालच्या बेसाल्टच्या भेगांत उतरून जाण्याची भीती असते. बोअरच्या बाबतीतही तेच होते. बेसाल्टमध्ये पाणी फक्त सांध्यांत, भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यावर मिळते. तुमच्या बोअरला असा सांधा लागला नाही. आणि तिचा केसिंग पाइप चिकण मातीच्या थराच्या खालपर्यंत नेऊन बाहेरून नीट बंद केला नसेल, तर ती शेजारच्या विहिरीचे पाणी खाली गळवत बसते. हे तातडीने तपासा.

विहिरीची खरी ताकद उपशावरून नाही, भरण्यावरून कळते. तीन मीटर व्यासाची विहीर पंपाने खाली न्या, पंप बंद करा आणि तासाभरात पाणी किती चढते ते पट्टीने मोजा. ३० सेंटिमीटर चढले तर आवक तासाला सुमारे २,१०० लिटर. उपसा याहून जास्त ठेवला की पंप कोरडा पडणार.

ओढ्यात वनराई बंधारा घालायचा तर पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये, वाहते पाणी असतानाच घाला. डिसेंबर उलटल्यावर घातलेल्या बंधाऱ्यात अडवायला पाणीच उरत नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू न भरता माती भरा, वाळूतून पाणी गळते. थर विटांसारखे सांधे चुकवून रचा, उंची साधारण एक मीटर, पाया उंचीच्या दीडपट तरी रुंद, आणि जादा पाण्याला वाट ठेवा. ओढ्याचा तळ भेगाळ जांभ्याचा असेल तर ती जागा सोडा. तळाशी काळा दगड किंवा चिकण माती असेल तेथेच पाणी टिकते.

राहता राहिले छप्पर, आणि घरापुरते हेच सर्वांत खात्रीचे आहे. १०० चौरस मीटर छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. गळती-उडती धरून अडीच लाख लिटर हाती येते. एवढे साठवायची गरज नाही. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला माणशी १० लिटर धरले, तर ७० दिवसांना ३,५०० लिटर लागतात. अडीच मीटर व्यासाची आणि दोन मीटरहून थोडी उंच फेरोसिमेंटची टाकी १०,००० लिटर धरते, म्हणजे पाहुणे आणि गुरांच्या पाण्याचीही थोडी सोय झाली. पहिल्या पावसाचे १०० ते २०० लिटर बाहेर सोडा, टाकीत उजेड आणि डास जाऊ देऊ नका, आणि ती सप्टेंबरच्या स्वच्छ सरींवर भरा. जूनमध्ये भरलेले पाणी मे महिन्यापर्यंत ठेवण्याचे कारण नाही.

प्रश्न : घरासाठी जांभा चिरा घेतो आहे. चांगला चिरा कसा ओळखावा? (सावंतवाडी)

चार-पाच चिरे वेगवेगळ्या ढिगांतून निवडा. हातोडीने हलके ठोकल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे, बद आवाज म्हणजे आत पोकळी किंवा ओल. कापलेल्या बाजूवर पांढऱ्या-पिवळ्या मातीचे मोठे डाग असलेला चिरा बाहेरच्या भिंतीला नको. दोन-तीन पावसाळ्यांत ती माती धुपते आणि भिंतीत भोके पडतात. नंतर चिरा उन्हात पूर्ण वाळवून त्याचे वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. वाढ कोरड्या वजनाच्या १२ टक्क्यांहून जास्त असेल तर तो ढीग नाकारा.

खाणीतून निघालेला चिरा मऊ असतो आणि हवेत कडक होत जातो, कारण त्यातली लोहाची पाणीदार संयुगे वाळताना घट्ट जमतात आणि ही क्रिया उलटत नाही. म्हणून चिरे हिवाळ्यात उतरवून घ्या आणि दोन-तीन महिने फटी ठेवून रचून ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर कापलेला ओला चिरा लगेच बांधला की भिंत वर्षभर दमट राहते. जोत्यापर्यंत शक्यतो काळा दगड वापरा. बाहेरून सिमेंटचा तगडा गिलावा करू नका, आत गेलेली ओल त्यामागे अडकते आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. सांधे १:६ सिमेंट-वाळूच्या मालाने किंवा चुन्याने भरणे पुरेसे आहे.

प्रश्न : उधाणात खारबांधाला खांड पडून आमच्या शेतात समुद्राचे पाणी शिरले. भात पुन्हा कधी येईल? (पेण)

खांड, म्हणजे बांधाला पडलेले भगदाड, किती दिवस उघडी राहते यावर सगळे अवलंबून आहे. दर भरतीला नवे मीठ आत येत असते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो. कामाचे हेच चार-पाच दिवस आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात टाकलेली माती वाहून जाते. माती बांधाच्या पायथ्यालगत खणू नका, तेथे पडलेला खड्डा पुढच्या वर्षी बांधच गिळतो. चिकण माती हातभर जाडीच्या थरांत टाकून प्रत्येक थर चोपा. समुद्राकडचा उतार १:३ आणि शेताकडचा १:२ इतका तरी सौम्य असावा. बांध बहुधा वरून पाणी चढून फुटत नाही. खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपते, बीळ मोठे होते आणि एका उधाणात तेवढा तुकडा जातो. म्हणून दर उधाणानंतर शेताकडच्या पायथ्याने चालत जाऊन ओल पाहणे हे गावाने वाटून घेतलेले काम असले पाहिजे.

उघाडीही, म्हणजे बांधातून शेतातले पाणी बाहेर सोडणारे दारही, पाहा. तिची झडप समुद्राच्या बाजूला वरून टांगलेली असते. भरतीचे पाणी तिला दाबून बंद करते, ओहोटीला शेतातले पाणी तिला ढकलून बाहेर जाते. तिच्यात लाकूड किंवा दगड अडकला, किंवा मासे आत यावेत म्हणून कोणी ती टेकू देऊन उघडी ठेवली, की बांध शाबूत असूनही शेत खारावते. गोव्यातल्या खाजण जमिनींना अशाच झडपांनी शतकानुशतके राखले आहे. तेथे त्यांना मानस म्हणतात आणि त्यांची निगा गावकरी संस्था ठेवत असे.

आता शेत. खांड बुजल्यावर आतले खारे पाणी ओहोटीला पूर्ण काढा. पहिला पाऊस शेतात कोंडून ठेवा, दोन-तीन दिवसांनी सोडून द्या, पुन्हा भरू द्या. असे चार-पाच वेळा करा. मातीचा नमुना तपासून घ्या. क्षारता मोजण्याची विद्युतवाहकता ३ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर भाताचे उत्पादन घटत नाही, ७ च्या आसपास ते निम्म्यावर येते. रोप कोवळे असताना आणि फुलोऱ्यात भाताला मीठ सर्वांत जास्त बाधते, म्हणून रोप महिन्याचे करून लावा, एका चुडात तीन-चार रोपे ठेवा, आणि रोपवाटिका गोड्या जमिनीत घ्या. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल-१, २, ३ हे वाण यासाठीच आहेत. बांध मेअखेर बंद झाला आणि पाऊस वेळेवर आला, तर त्याच वर्षी थोडेफार पीक निघते. पूर्ण उत्पादनाला साधारण दोन-तीन पावसाळे लागतात. मधल्या काळात शेत उन्हाने भेगाळू दिले की खालचे मीठ पुन्हा वर चढते. कापणीनंतर धसकटे आणि पेंढा जमिनीवर पसरून ठेवा.

समोरची खारफुटी तोडून माती घेण्याचा विचार करू नका. ती लाटांचा जोर मोडते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने तिला पूर्ण संरक्षण आहे, तिच्यातून बांधाची दुरुस्ती करायची असेल तरी परवानगी घ्यावी लागते. ग्रामपंचायतीच्या ठरावासह खारभूमी विकास विभागाकडे अर्ज करा.

या जमिनी शेतकऱ्यांनी चिखल उपसून घडवल्या, पण पिकाचा मोठा वाटा खोत, म्हणजे सारा वसूल करणारा वतनदार, घेत असे. अलिबागजवळच्या चरीचा संप १९३३ पासून सहा वर्षे टिकला, नारायण नागू पाटील त्याचे नेते होते. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले ते याच लढ्याच्या काळात. बांधाचा इतिहास सांगताना हे वगळणे अन्यायाचे ठरेल.

प्रश्न : नाणेघाटातला रांजण खरेच जकातीचा का? आणि एवढा मोठा मार्ग ओस का पडला? (जुन्नर)

रांजणात जकातीची नाणी टाकत, ही परंपरागत समजूत आहे. लेण्यातला ब्राह्मी लेख जकातीबद्दल नाही, सातवाहन राणी नागनिकेच्या त्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांची यादी आहे. त्यातले आकडे भारतातल्या अंकलेखनाच्या जुन्यात जुन्या पुराव्यांपैकी आहेत. पण घाट व्यापाराचा होता यात शंका नाही. जुन्नर माथ्यावर, कल्याण आणि सोपारा पायथ्याशी, पुढे पैठण आणि तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ या नाविक मार्गदर्शिकेत भडोचहून पैठण २० दिवसांच्या आणि तेथून तेर १० दिवसांच्या अंतरावर सांगितले आहे. कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात आहे. क्षत्रप आणि सातवाहन यांच्यातली ही बंदरांची लढाई होती. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. लढाई कोणी जिंकली ते नाण्यांवरच उमटले आहे.

मार्ग पडला तो दोन कारणांनी. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली आणि मोठी जहाजे मुंबईच्या खोल बंदराकडे वळली. दुसरे, नाणेघाट लमाणांच्या बैलांचा, पायऱ्यांचा घाट, त्यावरून गाडी जात नाही. बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्ये रेल्वे, ३७ मीटर अंतरात एक मीटर चढणारी. आजही त्या चढावर गाड्यांना कर्जतहून मागे जादा इंजिने लावावी लागतात.

प्रश्न : कोयनेचे पाणी वीज झाल्यावर समुद्रात का सोडतात? ते दुष्काळी भागाला देता येणार नाही का? (चिपळूण)

कोयना मुळात कृष्णेला मिळणारी, पूर्वेकडची नदी. धरणाचे पाणी बोगद्यांनी सह्याद्रीच्या आरपार नेऊन पोफळीला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडले, म्हणून एवढी वीज झाली. सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे. एक टीएमसी पाणी, म्हणजे २.८३ कोटी घनमीटर, एवढ्या उंचीवरून पडले की सुमारे तीन कोटी युनिट वीज देते. हेच पाणी पूर्वेला सोडून पाटाने उसाला दिले, तर हेक्टरी २०,००० घनमीटर धरून सुमारे १,४०० हेक्टर भिजतात. निवड या दोन आकड्यांमधली आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे.

एकदा वाशिष्ठीत उतरलेले पाणी समुद्रसपाटीच्या अगदी जवळ असते. ते माणदेशात परत चढवायला त्यातून मिळालेल्या विजेपेक्षा जास्त वीज लागेल. म्हणून दुष्काळी भागाचा वाटा धरणातच, पाणी पश्चिमेला वळण्याआधी ठरला पाहिजे. खाली आलेले पाणी कोकणातच वापरणे शहाणपणाचे, आणि आपल्या भागात उन्हाळी टंचाई असताना त्याचा मोठा हिस्सा दाभोळच्या खाडीला मिळतो, याचे आम्हालाही वाईट वाटते.

काही पत्रांत ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाबद्दल विचारले आहे. त्याची तीव्रता ६.३ होती आणि सुमारे १८० माणसे दगावली. जलाशयाचा भार आणि भेगांत उतरलेल्या पाण्याचा दाब यांनी आधीच ताणलेले प्रस्तर सरकले, हे स्पष्टीकरण आज सर्वमान्य आहे. पुढे संशोधनासाठी परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा लाव्ह्याचे थर सव्वा किलोमीटरच्या आसपास संपले आणि खाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. भूकंप त्या खालच्या खडकात होतात, वरच्या काळ्या पत्थरात नाही.

प्रश्न : समुद्रात १६० किलोमीटरवर तेल मिळते, मग कोकणच्या जमिनीखाली का नाही? (गुहागर)

तेल गाळाच्या खडकांत तयार होते आणि साठते. कोकणात पृष्ठभागापासून लाव्ह्याचाच खडक आहे, गाळाचे जाड थर त्यावर साचलेच नाहीत. मुंबई हायला, म्हणजे तुम्ही म्हणता त्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, तोच लाव्हा तळाशी आहे, पण किनारा तुटून खचल्यावर त्यावर कोट्यवधी वर्षे गाळ आणि चुनखडी साचली. शेजारच्या खोलगट भागांत तयार झालेले तेल वर सरकत येऊन उंचवट्यावरच्या सच्छिद्र चुनखडीत अडकले. ‘सागर सम्राट’ या खोदकाम जहाजाने ते १९७४ मध्ये शोधले, सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात, आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. गुजरातेत अंकलेश्वरला १९६० मध्ये जमिनीवर तेल मिळाले, कारण खंबातची खचदरी गाळाने भरलेली आहे. विहिरीच्या पाण्यावर कधी इंद्रधनुषी तवंग दिसतो, म्हणून खाली तेल असेल असे समजू नका. तो बहुधा लोहाचा असतो. काडीने ढवळून पाहा. तो काचेसारखा तुकड्यांत फुटून तसाच राहिला तर लोह, पुन्हा जुळून एक झाला तर तेल, आणि तेही पंपातून गळलेले.